‘मर प्रतिकारक’ हरभरा: पण कोणत्या रेसला?

बियाण्याच्या पिशवीवर ‘मर प्रतिकारक’ वाचलं की पहिला प्रश्न हा विचारावा. हरभऱ्यावर मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, आणणाऱ्या फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम सायसेरिस या बुरशीच्या आठ रेस, म्हणजे वेगवेगळ्या वाणांना मारणारे उपप्रकार, नोंदलेल्या आहेत. त्यांपैकी 1ए, 2, 3 आणि 4 या हावरे आणि नेने या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून वेगळ्या केल्या.

बुरशीच्या रंगावरून रेस कळत नाही. एकाच रेसची वाढ कधी पांढरी, कधी जांभळट दिसते, आणि प्रयोगशाळेत वारंवार नव्या माध्यमावर (बुरशीच्या खाद्यावर) घेतली की रंग पालटतो. रेस ठरते ती ठरावीक वाणांपैकी कोणते मरतात यावरून. एखादा वाण एका रेसपुढे टिकतो, दुसरीपुढे आडवा होतो. त्यामुळे एकाच ठिकाणच्या चाचणीवर वाणाला प्रतिकारक ठरवणं मला पटत नाही.

रेस ओळखण्याच्या चाचणीसाठी आधी वाळणाऱ्या झाडाचं खोड उभं चिरा. साल निरोगी आणि आत मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसली तर मर समजावी. सोटमूळ कोरडं पडून काडीसारखं तुटत असेल, बारीक मुळं गळाली असतील, तर ती कोरडी मूळकूज. असा नमुना चाचणीत घेऊ नका. रेघेचा 5 मिमी तुकडा 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक-दोन मिनिटं बुडवून निर्जंतुक पाण्याने धुवा आणि बटाटा-डेक्स्ट्रोज आगर या माध्यमावर 25 अंश सेल्सिअसला वाढवा. पुढे एकाच बीजाणूपासून (बुरशीच्या बीजासारख्या सूक्ष्म कणापासून) वाढ घेणं टाळू नका, नाहीतर दोन रेसची सरमिसळ होऊन निकाल कशाशीच जुळत नाही.

त्या ठरावीक वाणांच्या आठवड्याच्या रोपांची मुळं किंचित छाटून, मिलिलिटरला सुमारे 10 लाख बीजाणू असलेल्या पाण्यात बुडवून लावा. सोबत जेजी-62 हा वाण हवाच. भारतातल्या या चारही रेसना तो लवकर बळी पडतो. तो उभा राहिला तर बीजाणू कमजोर होते असं धरून चाचणी रद्द करा.

मोजणीची घाई इथे फार नडते. काही वाण तिसऱ्या आठवड्यात मरतात, काही फुलोऱ्यानंतर. नुसती लवकरची मोजणी केली तर उशिरा मरणारा वाण प्रतिकारक ठरतो. शेतातही महिन्याने एकदा आणि घाटे भरताना पुन्हा मोजा.

ही बुरशी पिकाविनाही जमिनीत सहा वर्षं तग धरते, आणि बियाण्यातूनही पसरते. मर लागलेल्या शेतातलं बी दुसऱ्या गावी नेलं, तर तिथे नसलेली रेसही सोबत जाऊ शकते.