कोलंबियाचा हापसा

लेकीनं आग विझवायच्या जुन्या बंबाच्या पाटीवरचं नाव वाचलं, आईला ऐकू आलं 'पपई'. "बंबाला पपई कशाला म्हणतील?" आईचा प्रश्न रास्त होता. नाव होतं पपीटे.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाला जाताना वाट जरा वाकडी करून आम्ही कोलंबिया नावाच्या गावी थांबलो होतो. सोनोरा शहराच्या उत्तरेला, दोन-चार रस्त्यांचं गाव. मार्च १८५० मध्ये इथं सोनं सापडलं आणि बघता बघता तंबू-फळकुटांची वस्ती उभी राहिली. जुलै १८५४ मध्ये तिची बाजारपेठ जळाली. विटांची एकच इमारत तेवढी वाचली. मग लोक शहाणे झाले. विटांच्या भिंती, लोखंडी दारं, खिडक्यांना लोखंडी झडपा, छपरांवरसुद्धा विटा! ती दारं अजून आहेत. एक ढकलून पाहिलं, ढिम्म हललं नाही.

तरी १८५७ मध्ये आग पुन्हा आलीच. मधल्या भागातली लाकडी घरं झाडून गेली, विटांचीही काही गेली. तेव्हा कुठे गावकऱ्यांनी स्वतःचं अग्निशमन पथक उभारलं. पगार नाही, काही नाही.

१८५९ मध्ये या पथकानं घेतलेला पहिला बंब म्हणजे हा पपीटे. बांधणी बोस्टनची. निघाला होता म्हणे ताहिती बेटावरच्या पपीटे गावाला, पण सॅन फ्रान्सिस्कोतच अडकला. चांगला नटवलेला आहे, राजाच्या रथासारखा. पण इंजिन नाही. दोन्ही बाजूंना लांब आडवे दांडे. एका बाजूच्या माणसांनी दांडा खाली दाबायचा, की दुसऱ्या बाजूचा वर येतो, मग तो तिकडच्यांनी दाबायचा.

"म्हणजे हापसाच की!" आई म्हणाली.

अगदी बरोबर. आपला 'बंब' हा शब्दही पोर्तुगीज 'बोंबा'वरून आलेला, म्हणजे पंपच. आमच्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाला ते नाव कसं चिकटलं कोण जाणे.

पुढच्याच वर्षी 'मॉन्युमेंटल' नावाचा मोठा हातबंब आला. पण हापसायला पाणी नको? त्यासाठी रस्त्यांखाली सात टाक्या बांधल्या, एकेकीत सुमारे ५३ हजार लिटर मावेल एवढ्या. मला बंबांपेक्षा हेच जास्त आवडलं. लेक मात्र टाकी कुठाय म्हणून रस्त्यावर पाय आपटत हिंडली.

दर मे महिन्यात इथं जुने हातबंब हापसण्याच्या शर्यती होतात. आईचं परतीचं तिकीट एप्रिलचं आहे.