फ्रिजमागची धूळ, शेगडीखालचा चिकटा: हात न पोहोचणाऱ्या जागांची सफाई

रोज ओटा पुसला, केर काढला तरी स्वयंपाकघरातली मुरलेली घाण तशीच राहते, कारण ती आपल्या फडक्याच्या वाटेत येतच नाही. फ्रिजच्या पाठीमागे, शेगडीच्या पायांखाली, मायक्रोवेव्ह आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत ती साठत राहते. आमचा फ्रिज दिवसभर घुरघुरायला लागला होता. रात्री दिवा लावला की ओट्याच्या कडेनं बारीक झुरळं सैरावैरा पळायची. वरवर पुसून भागणार नाही हे दिसत होतं, म्हणून एकेक यंत्र जागेवरून हलवून त्याच्या मागचं-खालचं सगळं साफ करायला घेतलं.

सुरुवात फ्रिजपासून केली. आधी प्लग काढला, दाराच्या कप्प्यांतल्या बाटल्या बाहेर ठेवल्या आणि पुढच्या पायांखाली जाड पुठ्ठा सरकवला, म्हणजे फरशीवर ओरखडे उठत नाहीत. फ्रिज ओढायचा तो सरळ, तिरका नाही. तिरका झाला तर कंप्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये जाऊ शकतं, आणि तसं झालं तर तो काही तास सरळ उभा ठेवूनच पुन्हा चालू करावा लागतो.

मागच्या काळ्या जाळीवर धुळीची करड्या लोकरीसारखी गादी बसली होती. सततच्या घुरघुरीचं मूळ बहुधा इथेच होतं. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो ती याच जाळीतून. तिच्यावर धुळीचं पांघरूण असलं की उष्णता अडते आणि तेवढंच थंड करायला कंप्रेसरला जास्त वेळ चालावं लागतं. ही धूळ कोरडीच काढायची. मी मऊ, लांब दांड्याचा ब्रश वरून खाली फिरवला आणि सुटलेली धूळ व्हॅक्यूमच्या निमुळत्या तोंडानं ओढून घेतली. इथे ओलं फडकं लावलं तर धुळीचा चिखल होतो आणि जाळीच्या तारांमध्ये जाऊन बसतो. बऱ्याच नव्या फ्रिजना अशी जाळी दिसत नाही, तिच्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. अशा फ्रिजच्या बाजू म्हणूनच गरम लागतात. तिथे घासण्यासारखं काही नसतं, फक्त भिंतीपासून हवा खेळेल इतकी जागा सोडायची.

कंप्रेसरच्या डोक्यावर एक उथळ ताटली असते. आतला बर्फ वितळून येणारं पाणी तिच्यात जमतं आणि कंप्रेसरच्या उष्णतेनं उडून जातं. आमच्या ताटलीत शेवाळी रंगाचा बुळबुळीत थर होता. ती साबणाच्या पाण्यानं धुतल्यावर मी फ्रिजच्या आतल्या मागच्या भिंतीतलं छोटं भोक शोधलं. ते तुंबलं की भाज्यांच्या कप्प्याखाली पाणी साचतं. बिनसुईच्या सिरिंजनं त्यात हळूहळू कोमट पाणी सोडलं. आधी पाणी तुंबून परत वर आलं, मग एकदम खाली उतरलं आणि मागच्या ताटलीत बारीक धार लागली. तेवढं पाहून मला फार समाधान वाटलं. तिथे कडक तार घालू नये, आतली नळी फाटू शकते.

मुलगी टॉर्च फरशीला टेकवून आडवा उजेड टाकत होती. असा उजेड टाकला की उभ्यानं न दिसणारं सगळं दिसतं. तिला कंप्रेसरजवळच्या कोपऱ्यात मिरपुडीसारखे काळे ठिपके आणि एक तपकिरी, कडा असलेली बारीक कुपी दिसली. ठिपके म्हणजे झुरळांची विष्ठा आणि कुपी म्हणजे अंड्यांचं कोष. डोक्यामागे दोन गडद पट्टे असलेलं हे जर्मन झुरळ असतं जेमतेम दीड सेंटिमीटरचं, पण त्याच्या एका कोषात 30 ते 40 अंडी असू शकतात. ऊब, अंधार, ताटलीतलं पाणी, असं त्याला लागणारं सगळं फ्रिजमागे आयतं मिळतं. फवारा मारून समोरची तेवढी मरतात, म्हणून मी जेल, म्हणजे झुरळांसाठीचं विष घातलेलं आमिष, वापरलं, पण चिकटा पूर्ण काढल्यानंतरच. आजूबाजूला खायला असलं तर झुरळं जेलकडे फारशी वळत नाहीत. आणि जेल लावलेल्या जागी फवारा मारायचा नाही, त्यानं ती जेलपासून दूरच राहतात.

शेगडीभोवतीचं काम वेगळ्या जातीचं. इथे धूळ कमी, मेणचट थर जास्त. तळताना उडालेलं तेल हवेत आणि उष्णतेत राहून हळूहळू घट्ट होतं आणि शेवटी वार्निशसारखं बसतं. ते खरवडत बसण्यात काहीच अर्थ नाही. गॅस मागून बंद करून शेगडी बाजूला घेतली, गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घातलं, फडकी त्यात भिजवून पिळली आणि डागांवर नुसती पसरून ठेवली. पंधरा मिनिटांत थर मऊ झाला आणि जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेनं पापुद्र्यासारखा निघाला. उरलेलं काम जुन्या टूथब्रशनं झालं. जिथे हात जात नव्हता त्या फटीत लांब पट्टीवर मोजा चढवून, रबरबँड लावून फिरवला. विकतची बरीच साधनं पाहिली, पण या पट्टीइतकं उपयोगी मला काही वाटलं नाही.

बर्नरची भोकं पिनेनं मोकळी केली. टूथपिक आत मोडून बसते. चिमणीची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तिला धुण्याचा सोडा लावू नका, ती काळी पडते. आणि बंद जागेत तोंड खुपसून काम करताना ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. शेगडी परत जोडल्यावर नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे मी दोनदा पाहिलं.

मिक्सर उलटा करून बुडाच्या झरोक्यांतली धूळ ब्रशनं झाडली. मायक्रोवेव्हचे झरोकेही बाहेरूनच साफ केले. त्याचं कव्हर उघडायच्या फंदात कुणी पडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, विजेचा जीवघेणा भार शिल्लक असू शकतो.

सगळ्यात शेवटी फ्रिजच्या दाराचं रबर घेतलं. त्याच्या घड्यांमध्ये काळी बुरशी धरली होती. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या इअरबडनं ती घडी-घडीतून काढली आणि रबर कोरडं केलं. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. रबर नीट बसत असेल तर ती अडकते. वरच्या बाजूला घट्ट अडकली, बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात मात्र अलगद निघून आली. हेअर ड्रायरच्या कोमट हवेनं तिथलं रबर मऊ करून पाहिलं, थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. ते रबर आता बदलून घेणार आहे.