मांडीखालचा राजा

जादू करते म्हटलं की पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला: "रघुवीरांचे प्रयोग बघून का?" साहजिक आहे. चाकणजवळच्या आंबेठाणचे रघुवीर भोपळे 'जादूगार रघुवीर' झाले, मग मुलगा विजय, मग नातू जितेंद्र. शाळेच्या सुट्टीत यांच्यापैकी कुणाचाच प्रयोग बघितला नाही असं घर आमच्या ओळखीत तरी नाही. मीही बालगंधर्वला बघितला, टाळ्या वाजवून तळवे लाल केले. पण हे आपण करावं, असं काही वाटलं नाही. ते पेटारे, तो झगमगाट, ते त्यांनी करायचं आणि आपण बघायचं.

मला नादी लावलं ते आजीनं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दुपारची जेवणं उरकली की पत्ते निघायचे आणि आजी चक्क लबाडी करायची. बदाम सत्ती ऐन रंगात आली की तिच्या हातातला नको असलेला राजा गायब. शोधाशोध झाली की तो निघायचा माझ्या मांडीखाली! एकदा ठरवून तिच्या हातांवरच नजर ठेवून बसले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, दूध उतू चाललंय बघ." मी वळले. झालं. आईला हे आजही पटत नाही. "सासूबाई कशाला लपवतील? तूच पानांवर बसायचीस."

फ्रान्सचा प्रसिद्ध जादूगार रॉबेर-हूदँ (१८०५–१८७१) मुळात घड्याळजी. आत्मचरित्रात तो सांगतो, की घड्याळकामाचं पुस्तक मागितलं आणि दुकानदारानं चुकून जादूचं बांधून दिलं. बेड्यांतून सुटून दाखवणाऱ्या जादूगार हूदिनीनं आपलं नाव याच्यावरूनच घेतलं. आता जादूगाराच्या आत्मचरित्रावर किती भरवसा ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. मला मात्र पुस्तकानं कुणी बिघडतं हे पटतं, कारण पुढे अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत हातचलाखीचं एक फाटकं पुस्तक मिळालं आणि आजी काय करायची ते त्यात चित्रांसकट होतं.

मी पत्त्यांपेक्षा नाण्यांवर जास्त रमते. पाच रुपयांचं ते जुनं जाडजूड, नऊ ग्रॅमचं नाणं आठवतंय? त्याच्यासारखं दुसरं नाही. तळव्याच्या मधोमध ठेवायचं, अंगठ्याखालचा उंचवटा किंचित आत दाबायचा, की हात उलटा केला तरी कडेवर धरून राहतं. बोटं मात्र सैल हवीत, चहाचा कप उचलता आला पाहिजे. हल्लीची पातळ नाणी सुळकन निसटतात. त्याहून अवघड काम डोळ्यांचं. नाणं उजव्या हातात असताना रिकाम्या डाव्या मुठीकडे मनापासून बघायचं. आपण बघतो तिकडे समोरचा बघतो.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे फसतात. फक्त आमचा शिपाई दर वेळी बरोबर उजवा हात दाखवतो आणि गालात हसतो. घरी पत्ते कुणाबरोबर खेळतो, एकदा विचारलं पाहिजे.