बान्स्कोच्या गल्लीतलं छोटं हॉटेल

बर्फातले फोटो टाकल्यापासून पेडणे, म्हापसा, फोंड्याहून येणाऱ्या मेसेजांत एकच प्रश्न आहे: "खर्च किती आला गं?" स्कीइंग म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे स्वित्झर्लंड उभं राहतं आणि माणूस तिथेच विषय सोडून देतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्ही गेलो होतो बल्गेरियातल्या बान्स्को या गावात, आणि उतरलो होतो एका कुटुंबाच्या साध्या, स्वस्त हॉटेलात. पुन्हा जायचं ठरलं तर मी तसंच हॉटेल शोधेन.

आमचा गट लंडन आणि आसपास नोकरी करणाऱ्या गोव्याच्या मंडळींचा. साखळीचे दोघे भाऊ, फोंड्याची वैदेहीताई आणि तिचे यजमान, मडगावचा सिद्धेश, शिवाय शेजारच्या सावंतवाडीचं एक जोडपं. काहींकडे पोर्तुगीज पासपोर्ट, त्यामुळे ते बॅग उचलून निघाले. आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा, काढावा लागला. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये आला, त्यामुळे तोच व्हिसा चालतो.

आता खर्चाचं. स्कीइंगच्या सुट्टीत राहण्याचं भाडं हा एकच खर्च नसतो. विमान, विमानतळापासून गावापर्यंतची गाडी, स्कीपास, भाड्याचं सामान, शिक्षक, विमा अशी रांगच असते. स्कीपास म्हणजे डोंगरावरचे पाळणे आणि उतार वापरायचं तिकीट. आमच्या खोलीचं माणशी जे रोजचं भाडं होतं, त्याहून हा पास महाग पडला. हात आखडायचाच असेल तर तो खोलीवर आखडावा. शिक्षक, बूट आणि विमा यांत काटकसर नको, हे मी ठामपणे सांगते. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुतेक वेळा धरलेलं नसतं, ते वेगळं जोडून घ्यावं लागतं. पाय मोडलेल्या माणसाला उतारावरून खाली आणणं हे मोठं काम आहे आणि त्याचं बिलही तसंच मोठं येतं.

पैशाची एक गंमत बघायला मिळाली. १ जानेवारी २०२६ ला बल्गेरियात युरो आला. आम्ही त्याच महिन्यात गेलो, तेव्हा त्यांचं जुनं चलन, लेव्ह, अजून चालत होतं. बेकरीत, हॉटेलात, औषधाच्या दुकानात प्रत्येक वस्तूवर दोन भाव लिहिलेले. एका युरोला १.९५५८३ लेव्ह हा दर ठरलेला. बेकरीतल्या आजी लेव्ह घेत, युरो परत देत, आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे कॅल्क्युलेटर दाबून आकडा समोरच्याला दाखवत. रांग कितीही लांब असो, त्यांनी दाखवल्याशिवाय पैसे दिले नाहीत.

सोफिया विमानतळावरून बान्स्को साधारण १६० किलोमीटर. आधी मोठा महामार्ग, मग सिमितलीहून घाट लागतो आणि प्रेडेलची खिंड ओलांडली की समोर पिरिनचे डोंगर. गावाची उंची जेमतेम साडेनऊशे मीटर, पण मागे उभं असलेलं विहरेन शिखर २९१४ मीटरचं. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. हॉटेल जुन्या गावाच्या बाजूच्या गल्लीत. खाली दगडाची भिंत, वर लाकडी सज्जा, दाराशी फोडून रचलेल्या लाकडांची उतरंड.

खोली लहान. दोन पलंग, एक कपाट, खिडकीखाली रेडिएटर. न्हाणीघरात शॉवरला काच नाही की पडदा नाही. पाणी सरळ लादीवर पडतं आणि कोपऱ्यातल्या जाळीतून निघून जातं. इंग्रज पाहुणे त्याबद्दल कुरकुर करतात, असं मालकीणबाई म्हणाल्या. आम्हाला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही, आमची न्हाणीघरं अशीच असतात. भिंती मात्र पातळ होत्या. पलीकडच्या खोलीतला अलार्म आम्हाला उठवायचा. आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळे एकदम डोंगरावरून परतले की गरम पाणी संपायचं. मग आम्ही पाळ्या लावल्या: बायका आधी, साखळीचे भाऊ शेवटी. स्वस्त हॉटेलात एवढं चालवून घ्यावं लागतं, आणि गट सोबत असला की ते अवघडही जात नाही.

स्कीइंगला जाणाऱ्यांनी हॉटेल निवडताना खोलीचे फोटो बघत बसू नये. तीन गोष्टी विचाराव्यात: बूट वाळवायची सोय आहे का, डोंगरावर नेणाऱ्या गोंडोलापर्यंत गाडी सोडते का, आणि रात्रीचं जेवण भाड्यात आहे का. आमच्याकडे तिन्ही होत्या. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची. स्कीचा बूट टणक प्लॅस्टिकचा, आत जाड अस्तर. दिवसभराच्या घामाने आणि बर्फाने ते अस्तर भिजतं. ओल्या बुटात सकाळी पाय घालायची वेळ आली तर त्या दिवशी शिकणं बाजूलाच राहतं.

हॉटेलच्या तळघरात त्यासाठी एक खोली होती. भिंतीला लोखंडी नळ्या, नळ्यांतून गरम हवा, आणि प्रत्येक नळीवर एकेक बूट उलटा टांगलेला. संध्याकाळी तिथे ओल्या लोकरीचा आणि मेणाचा वास कोंदलेला असायचा. मालकीणबाईंचे सासरे कोपऱ्यातल्या बाकावर बसत. स्की आडवी चिमट्यात धरून ते तिच्या कडेवरून कानस फिरवत, मग अंगठ्याचं नख कडेवर ओढून बघत. नखाचा बारीक पांढरा भुगा निघाला की कडेला धार लागली. त्यानंतर गरम इस्त्रीवर मेणाची कांडी टेकवायची, थेंब स्कीच्या तळावर ओघळू द्यायचे, इस्त्रीने पसरवायचे, आणि थंड झालं की खरवडून काढायचं. सिद्धेशची भाड्याची स्की बोथट आहे हे त्यांनी नुसतं बोट फिरवून ओळखलं आणि न मागता तिला धार लावून दिली. पैसे घेतले नाहीत. अशी माणसं महागड्या रिसॉर्टच्या तळघरात भेटतील का, सांगता येत नाही.

गोंडोला म्हणजे गावातून थेट डोंगरावर जाणारे बंद पाळणे. अंतर सहा किलोमीटरच्या वर, वर पोचायला अर्ध्या तासाच्या आसपास. सकाळी गावभरचे पर्यटक तिथे लोटतात. "न्याहारी लवकर करा आणि दार उघडायच्या आधी रांगेत लागा," असं मालकीणबाईंनी पहिल्याच रात्री बजावलं होतं, आणि आमच्यासाठी न्याहारी नेहमीपेक्षा लवकर मांडली. गोंडोला बुंदेरिश्का पोल्याना या १६३५ मीटरवरच्या पठारावर सोडते. नवख्यांचे उतार तिथेच आहेत, सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि घसरत खाली यायचं.

शिकण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण ते अंगानेच कळतं. पहिला धडा थांबायचा. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, गुडघे आत, वजन पुढे. घाबरलेला माणूस आपसूक मागे रेलतो आणि मागे रेललं की स्की हातची जाते. आमचे शिक्षक पुन्हा पुन्हा एकच सांगत: नडगी बुटाच्या जिभेवर दाबून ठेवा. बूट भाड्याने घेताना घाई करू नये ती यासाठीच. मोज्यांचा एकच पातळ जोड घालायचा. दोन घातले की रक्त दाबलं जातं आणि पाय जास्तच गार पडतात. सुती कपडे घालू नयेत, ते घाम धरून ठेवतात. वैदेहीताई पन्नाशी ओलांडलेली, आयुष्यात बर्फावर पहिल्यांदा उभी. तिने शेवटच्या दिवशी निळ्या खुणेचा सोपा उतार वरपासून खालपर्यंत न पडता उतरला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. यजमानांच्या डोळ्यांत पाणी होतं.

जेवणाची काळजी घरच्यांना फार होती. आमच्यात दोघे सोमवार पाळणारे. त्यांना चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा, पांढऱ्या घेवड्यासारख्या दाण्यांचं घट्ट सूप, काकडी-टोमॅटोवर किसलेलं चीज घातलेली शोप्स्का सॅलड, भाजलेल्या मिरच्यांची ल्युतेनित्सा असं पोटभर मिळालं. बाकीच्यांनी मातीच्या भांड्यात शिजवलेल्या मांसावर ताव मारला. आणि दही! ज्या जिवाणूमुळे हे दही लागतं तो स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरने १९०५ मध्ये जिनिव्हात शोधला, आणि त्या जिवाणूच्या नावातच बल्गेरिया आहे. इथली माणसं ते अभिमानाने सांगतात. मालकीणबाईंच्या सासूबाई घरी लावलेलं दही वाडगाभर पुढे ठेवायच्या आणि संपेपर्यंत उभ्या राहायच्या.

शेवटच्या काही रात्री जेवणं आटोपल्यावर मालकीणबाई आमच्या टेबलाशी येऊन बसू लागल्या. माझं माहेर हरमलला, घराच्या मागे चार खोल्या आहेत आणि त्या आई पर्यटकांना देते, हे कळल्यावर त्यांचे प्रश्न सुरू झाले. सीझन किती महिने? चादरी कोण धुतं? बुकिंगची वेबसाइट किती कापून घेते? उरलेले महिने काय करता? मी सांगितलं, ऑक्टोबरच्या शेवटापासून मेपर्यंत, मग पाऊस. त्या म्हणाल्या, डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, मग डोंगर चढणारे थोडे लोक आणि ऑगस्टमधला जाझ महोत्सव. त्यांची चिंता उशिरा पडणाऱ्या बर्फाची, आईची चिंता डिसेंबरातल्या अवकाळी पावसाची. त्यांचा मुलगा जर्मनीत गोदामात काम करतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बल्गेरियाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या जवळ होती, २०२१ च्या जनगणनेत ती पासष्ट लाखांवर आली. गावात म्हातारी माणसं आणि हॉटेलं उरतात, असं त्या म्हणाल्या. मी लंडनला राहते, मी त्यांना काय सांगणार होते?

एके दिवशी दुपारी स्कीइंग न करता मी गावात हिंडले. जुन्या भागात दगडी घरं, उंच कुंपणं, पवित्र ट्रिनिटी चर्चचा मनोरा, क्रांतिकारक कवी निकोला वाप्त्सारोव्ह यांचं घर, तिथे आता संग्रहालय. गोंडोलाच्या बाजूला मात्र अपार्टमेंटच्या इमारतींच्या रांगाच रांगा, त्यातल्या कित्येकांच्या खिडक्या अंधाऱ्या. २००० नंतरच्या दशकात इथे पैसा ओतला गेला, गुंतवणूक म्हणून फ्लॅट विकले गेले, आणि आता अनेक रिकामे आहेत. कळंगुट, कांदोळी, हल्ली पेडण्यातली टेकडी बघणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

पिरिनचं राष्ट्रीय उद्यान १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. २०१० मध्ये त्या क्षेत्राची हद्द वाढवली, तेव्हा बान्स्को आणि दोब्रिनिश्ते इथले स्कीचे भाग मुख्य वारसा क्षेत्राबाहेर ठेवले गेले. पुढे उद्यानात आणखी बांधकामाला वाट मोकळी होईल असा बदल सरकारने केला, तेव्हा २०१८ च्या थंडीत सोफियात आणि इतर शहरांत लोक रस्त्यावर उतरले. मला गोव्यातलं मोलेचं जंगल वाचवायला २०२० मध्ये पुढे आलेली आपली मुलं आठवली. मालकीणबाईंना विचारलं तर त्या लगेच बोलल्या नाहीत. "दुसरी गोंडोला आली तर मलाही गिऱ्हाईक मिळेल," त्या म्हणाल्या. "पण पाणी त्याच डोंगरातून येतं." गावातल्या नळाचं पाणी आम्ही रोज तसंच पीत होतो, गार आणि गोड.

हा पेच मला पूर्णपणे पटतो, कारण आमच्या घराचाही तोच आहे. खोल्यांच्या पैशांवर माझं शिक्षण झालं. म्हणून पर्यटनच नको असं मी म्हणणार नाही. पण त्याच गल्लीत राहणाऱ्या कुटुंबाला दिलेला पैसा आणि कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या अडीचशे खोल्यांना दिलेला पैसा यांत फरक आहे, आणि तो मी बान्स्कोत रोज पाहिला: अंडी शेजारच्या बाईंची, मध दिराचा, विमानतळाची गाडी मालकीणबाईंच्या भावाची.

तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारीतल्या ब्रिटिश शाळांच्या सुट्टीचा आठवडा टाळा, तेव्हा भावही चढतात आणि गोंडोलाची रांगही. जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा. हॉटेल वेबसाइटवर शोधा, पण फोन थेट मालकांना करा; गटाने येतोय म्हटलं की खोल्या एकाच मजल्यावर देतात आणि भावही थोडा कमी करतात. गोव्याहून येणाऱ्यांनी व्हिसाची तयारी दिवाळीआधीच सुरू करावी. गरम कपडे विकत घेऊ नका, स्कीचे जाकीट आणि विजार गावात भाड्याने मिळतात. हातमोजे मात्र स्वतःचे आणि चांगले आणा.