टोपीला मालक नव्हता

आजचा दिवस लंडनच्या १८६४ मधल्या रेल्वे खुनाची माहिती डेटाबेसमध्ये मांडण्यात गेला. बळी थॉमस ब्रिग्ज, आरोपी फ्रान्झ म्युलर. साक्षी, वस्तू, व्यक्ती अशी तीन टेबलं. पहिला घोळ तारखांचा: एक्सेल १९०० पूर्वीची तारीख मजकूर समजतं, मग क्रम बिघडतो. म्हणून वर्ष आधी लिहा, १८६४-०७-०९. म्युलरच्या नावावरची दोन टिंबं (Müller) कुठे असतात, कुठे गळतात. तिथे शोधताना बरोबरचं चिन्ह (=) नको, लाइक (LIKE, मिळतंजुळतं शोधणारी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली खूण) आणि % (मधली कुठलीही अक्षरं) वापरा. खरी गोम टेबलांच्या जोडणीत आहे. इनर जॉइन दोन्ही टेबलांत जुळणाऱ्या ओळीच ठेवतो, म्हणून मालकाविना वस्तू गाळतो, आणि रेल्वेच्या डब्यात सापडलेली टोपी नेमकी तशीच! पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी राखणारा लेफ्ट जॉइनच हवा. मालकाचा रकाना रिकामाच ठेवा. टोपी ओळखणाऱ्या गाडीवान मॅथ्यूजची साक्ष आल्यावरच भरा.