पत्र आलं काय ओ?

२ जानेवारीला माझी रात्रपाळी होती. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, बघून वहीत लिहीत होतो, तेवढ्यात पोराचा फोन आला. "पप्पा, आज कोर्स सुरू झाला." एवढंच म्हणाला. खडकवासल्याला एनडीएचा, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचा, १५३वा कोर्स त्या दिवशी सुरू झाला आणि पोरगा इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होता. जॉइनिंग लेटर आलं नव्हतं. येणार नाही, असंही कुणी कळवलं नव्हतं.

गावात अजून विचारतात, "सिलेक्शन झालं होतं की ओ त्याचं?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. आमच्या वाळवा तालुक्यातली बरीच पोरं एनडीएची परीक्षा देतात. अभ्यास कसा करायचा हे सांगणारे ढीगभर आहेत. पण निर्णय कधी, किती तुकड्यांत येतो आणि तोवर घर कसं अडकून पडतं, हे मला आधी कुणी सांगितलं नाही.

बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपली आणि २१ एप्रिलला एनडीएचा पेपर झाला. गणित ३०० मार्कांचं, दुसरा पेपर ६०० चा. मे महिन्यात लेखीचा निकाल लागला, यादीत त्याचा नंबर दिसला. त्या रात्री आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, देवापुढं साखर ठेवली. आम्हाला वाटलं, अर्धं काम झालं. खरं तर मुलाखतीचे ९०० मार्क अजून बाकी होते, म्हणजे लेखीला जेवढे, तेवढेच.

ही मुलाखत, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची पाच दिवसांची एसएसबी, ऑगस्टमध्ये भोपाळला होती. सांगलीहून गोवा एक्सप्रेस थेट जाते, त्यामुळे प्रवासाची काळजी नव्हती. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग. एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात बसून बोलायचं. संध्याकाळच्या आत निम्म्याहून जास्त पोरं परतीच्या वाटेला लागली. उरलेल्यांचे पुढचे चार दिवस मानसशास्त्राच्या चाचण्या, मैदानावरची कामं आणि मुलाखत. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. एकेकाला आत बोलावतात, सगळे अधिकारी समोर बसलेले असतात, चार प्रश्न विचारतात. मग सगळ्यांना एकत्र उभं करून छातीवरचे नंबर वाचतात. त्याच्या गटातून दोघांचे वाचले, त्यात एक त्याचा. बाकीच्यांनी त्या दोघांना मिठ्या मारल्या, बॅगा उचलल्या आणि बसनं स्टेशनला गेले. हे सांगताना पोराचा आवाज दाटला होता. ती पद्धत मला आवडली. हो असो की नाही, पोरगा समोर असताना सांगतात.

त्यानंतर मात्र कुणी समोर येऊन काही सांगितलं नाही.

मेडिकलमध्ये नाकाचं हाड वाकडं निघालं आणि शेरा पडला, टेंपररी अनफिट. अपील मेडिकलला, म्हणजे फेरतपासणीला, ४२ दिवस मिळतात. कारखान्याच्या कॅलेंडरवर मी पेनानं ४२ चौकोन मोजले. त्याच दिवसांत इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या कॅप राउंड सुरू होत्या आणि १ सप्टेंबरला एनडीएचा पुढचा पेपर होता. फेब्रुवारी २००६ चा जन्म, त्यामुळे वयाच्या हिशोबानं तो त्याचा शेवटचा पेपर. पुण्याला जाऊन पेपर दिला, परत येऊन सांगलीत नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. नाकात बोळे घालून पडलेला पोरगा तोंडानं श्वास घेत कॉलेजचे ऑप्शन भरत होता. महिनाअखेरीला पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये फिट मिळालं.

ॲडमिशन घ्यायची की थांबायचं, यावर घरात पहिल्यांदा मोठा वाद झाला. बायको म्हणाली, एवढी फी भरायची आणि डिसेंबरात सोडून जायचं? मी म्हणालो, नाही झालं तर वर्ष जाईल. शेवटी सोसायटीचं कर्ज काढून फी भरली. कॅन्सल केली तर ठरावीक तारखेच्या आतच बहुतेक पैसे परत मिळतात. कॉलेजच्या खिडकीवर विचारलं, ऑक्टोबरअखेरीला आमची यादी लागली तर? बाई म्हणाल्या, तोवर ती तारीख होऊन गेलेली असते, काका.

यादी दिवाळीच्या आठवडाभर आधी लागली. सहाशेच्या वर नावं, आणि जागा सगळ्या मिळून ४००. आर्मी २०८, नेव्ही ४२, एअर फोर्स १२०, नेव्हल अकॅडमी ३०. पोराचा नंबर साडेपाचशेच्या पुढं. यादीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ती करताना मेडिकलचा निकाल धरलेला नाही. ती ओळ मी किती वेळा वाचली असेल. वरची काही पोरं मेडिकलला अडकणार, काही येणारच नाहीत, मग नंबर खाली सरकत येणार. किती सरकणार, ते कुणाला सांगता येत नाही. पण गावात यादीतलं नाव म्हणजे सिलेक्शन. कमानीजवळ पोराच्या फोटोचा बॅनर लागला. मी नको म्हणत होतो, फार जोर केला नाही. तो करायला हवा होता.

१५ नोव्हेंबरला हंगाम सुरू झाला. उसाच्या गाड्यांबरोबर प्रश्नही यायला लागले. काट्यावरचा माणूस, ट्रॅक्टरवाले, चहावाला, सगळे म्हणायचे, "आलं काय ओ पत्र?" त्यांच्या मनात मायाच होती. पोरगा होस्टेलवर रोज रात्री आर्मीच्या भरतीची वेबसाइट उघडायचा आणि मला फक्त "नाही" असा मेसेज करायचा. डिसेंबरात वरच्या नंबरच्या पोरांची पत्रं आली, त्याच्या भोपाळच्या जोडीदाराचंही आलं. पोरानं त्याला सामानाची यादी करायला मदत केली.

माझं एकच मागणं आहे. जागा थोड्या आहेत, नंबर मागे आहे, हे आम्हाला कळतं. पण अमुक तारखेनंतर पत्र निघणार नाही, एवढी एक ओळ तरी त्या वेबसाइटवर टाका. २ जानेवारीनंतरही पोरगा आठवडाभर साइट उघडत होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, कोर्स सुरू झाल्यावरही एखाद्याला बोलावतात.

सप्टेंबरच्या लेखीत तो पास आहे. परवा त्यानं एसएसबीची तारीख निवडली, पुन्हा भोपाळच. मी सांगलीहून गोवा एक्सप्रेसचं तिकीट काढलं, जातानाचं आणि येतानाचं. येतानाचं काढू नका म्हणाला, मग ते कॅन्सल केलं.