पझल पूर्ण झालं, आता ते भिंतीवर कसं लावायचं?

डिसेंबरात इथे जर्मनीत स्टुटगार्टला साडेचारलाच अंधार पडतो, मग माणसं घरात बसून जे काय काय करतात त्यात पझल फार वर आहे. खेळण्यांच्या दुकानात कपाटंच्या कपाटं पझलची असतात. आणि आमच्या दक्षिणेला रावेन्सबुर्ग नावाचं गाव आहे, त्याच गावावरून नाव घेतलेली ती १८८३ पासूनची रावेन्सबुर्गर कंपनी, कोपऱ्यात निळा त्रिकोण असतो बघा खोक्यावर, ती तिथलीच.

या हिवाळ्यात आई-बाबा इथे होते आणि थंडीमुळे बाहेर पडणं कमीच, म्हणून जुन्या पद्धतीच्या जगाच्या नकाशाचं १००० तुकड्यांचं पझल आणलं. आईने समुद्राचे निळे तुकडे छटेप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांच्या झाकणांत लावून ठेवले, बाबा चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून गावांची नावं वाचायचे, लेक दोघांच्या मधे. नकाशाच निवडला हे छान झालं, कारण पझलची सुरुवातच तिथून झाली, १७६० च्या दशकात लंडनमधे जॉन स्पिल्सबरी मुलांना भूगोल शिकवायला नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापायचा. ते दोघं परत गेल्यावर हे मोडून खोक्यात भरायचं मला जमणारच नव्हतं, त्यामुळे फ्रेम करायची ठरली.

इथे बहुतेक लोक वरून गोंद लावतात, पझलसाठी वेगळी बाटली मिळते, आपलं फेविकॉल असतं तसाच पांढरा गोंद, सुकला की पारदर्शक होतो. मला तो प्रकार आवडत नाही. वरून लावला की दिव्याखाली सगळं चकचकतं आणि तुकड्यांमधल्या बारीक रेषा भरून जातात. मला तर त्या रेषाच बघायच्या असतात, नाहीतर सरळ पोस्टर आणावं ना. म्हणून मी मागून चिकटवते.

आधी पझलवरून लाटणं फिरवायचं, हलक्या हाताने, मधून कडेकडे, म्हणजे वर आलेले तुकडे खाली बसतात. मग वर बेकिंग पेपर, त्यावर एक सपाट फळी, खाली पझल जिच्यावर जोडलं तीच फळी, चारी बाजूंनी क्लिपा लावून दोघांनी मिळून एकदम उलटं करायचं, एकट्याने नको. आता पाठ वर आली. गोंद पातळ न करता जुन्या एटीएम कार्डाने अगदी पातळ थर पसरायचा, हे महत्त्वाचं आहे, कारण पुठ्ठा ओला झाला की फुगतो आणि सुकताना आखडतो, मग कोपरे उचलले जातात. त्यावर फोमबोर्ड, इथे बाऊमार्क्टमधे म्हणजे हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात ५ मिलीमीटर जाडीचा मिळतो, हलका असतो आणि वाकत नाही. वर पुस्तकांचे गठ्ठे ठेवून रात्रभर हात लावायचा नाही.

फ्रेम घेताना खोक्यावरचं माप वाचाच, १००० म्हटलं की सगळी सारखी नसतात. रावेन्सबुर्गरचं ७० बाय ५० सेंटीमीटर, श्मिट या दुसऱ्या कंपनीचं ६९.३ बाय ४९.३, पोलंडच्या ट्रेफलचं ६८.३ बाय ४८. तयार फ्रेम ५० बाय ७० ची सगळीकडे मिळते, पण ट्रेफलचं त्यात ठेवलं तर कडेने फट दिसते, तिथे मागे काळा किंवा नकाशाच्या रंगाला जाणारा कागद घातला तर मस्त दिसतं. आणि उलट बाजूने, जोडलेलं पझल छापलेल्या मापापेक्षा एखादा मिलीमीटर मोठं भरू शकतं, म्हणून चिकटवायच्या आधी फ्रेममधे बसतंय का बघून घ्या. काच मी लावत नाही. लावायचीच असेल तर अॅक्रेलिकची, वजन कमी आणि पडली तरी तुकडे होत नाहीत. ऊन थेट पडतं ती भिंत मात्र टाळा, रंग उडतात.

भिंतीला भोक पाडायचं काम शनिवारी दुपारी उरकलं, रविवारी इथे ड्रिल चालवत नाहीत, शांततेचा दिवस असतो तो, आणि खरं सांगू तर मला हा नियम फार आवडतो.

तिकडे करणार असाल तर तयार फ्रेमच्या मागे लागूच नका, देवांच्या तसबिरी करणारे आपले फ्रेमवाले कुठल्याही मापाची करून देतात आणि मनापासून करतात. फक्त पट्टी जरा खोल घ्या म्हणावं, पझल आणि फोमबोर्ड मिळून जाडी बरीच होते. मुंबईत किंवा कोकणात असाल तर पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर लावू नका, ओल थेट पुठ्ठ्यात जाते, आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबराची छोटी बटणं चिकटवा म्हणजे मागे हवा खेळती राहते.